चरकातून निघालेलं रान

शुभदा गेली त्याच्या तीन आठवडे आधी आम्ही साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटलो. भेटलो म्हणजे, मी शाळेच्या एका प्रशिक्षणाला साताऱ्याला गेले होते, ते तिला कुणाकडून तरी कळलं आणि ती मला गाठायला स्टँडवर आली. खांद्याला कापडी पिशवी, नखांत काळी शाई, नेहमीसारखीच. आम्ही उभ्याउभ्या चहा घेतला. दीड वर्षानं समोरासमोर आलेल्या दोन बायका जे बोलतील तेच बोललो... उकाडा, गुडघे, शाळेतली पोरं. मग सांगलीकडची गाडी फलाटाला लागली, तशी ती एकदम म्हणाली, "मंगल, अजून रागावलीयस ना माझ्यावर?" मी म्हटलं, "गाडी लागली." आणि चढले. खिडकीतून पाहिलं तर ती दोन्ही हातांत दोन रिकामे कप धरून उभी होती. चहावाल्याला परत द्यायचं भानच नव्हतं तिला. एकतीस वर्षांची मैत्री, आणि माझं तिच्याशी शेवटचं बोलणं काय, तर "गाडी लागली."

तिच्या भावाचा, श्रीधरचा, फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालला होता. "मंगलताई, शुभी गेली. सकाळी उठवायला गेलो तर..." मिळेल त्या गाडीनं निघाले, पण साताऱ्याजवळ माहुलीच्या घाटावर पोचले तेव्हा लोक नदीवरून परतत होते. त्यातल्या एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही तिच्या नात्यातल्या का?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून आता दीड महिन्यानं, डोकं जरा ताळ्यावर आल्यावर, हे लिहायला बसलेय.

मी कुंडलची. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मी, बाईमाणूस असून पहिली, आणि हे सांगताना माझी मान अजून ताठ होते. आप्पा, माझे वडील, मिलिटरीत होते. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी दहावीत होते. त्यांनीच मला सांगलीला बी.एस्सी.ला घातलं. वसतिगृहात जी खोली मिळाली तिच्यात शुभदा होती, साताऱ्याच्या पेठेतली, चित्रकलेचं शिकायला आलेली. तिच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुमच्या गावाकडं काय काय बघण्यासारखं आहे?" मी म्हटलं, "ऊस." ती म्हणाली, "आणि?" मी म्हटलं, "आणखी ऊस." ती इतकी हसली की मलाही हसू आलं. निसर्गचित्र म्हणजे मला शाळेत शिकवलं होतं तेवढंच माहीत होतं : दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी आणि तिच्याशेजारी नारळाचं झाड. आमच्या अख्ख्या गावात मी त्या वयापर्यंत नारळाचं झाड पाहिलं नव्हतं, तरी मी ते मुकाट्यानं काढायची. शुभदाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुमचं रान कुणी काढलंच नाही की अजून!"

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती कुंडलला आली आणि मग येतच राहिली. तिला साताऱ्याला चित्रकलेच्या बाईंची नोकरी लागली, मला पलूसला गणिताची. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की ही आमच्या मळ्यातल्या घरात हजर. बांधावर बसून काढायची, पण नुसतं काढून भागायचं नाही तिचं. ती वाटेतलं सगळं गोळा करायची. पाचट, गोणपाटाचे तुकडे, सुतळी, खताच्या पोत्याचा दोरा, सापाची कात सुद्धा. हे सगळं ती पुठ्ठ्यावर चिकटवायची, त्यावर शाई फिरवायची, ओलसर कागद ठेवून दाबायची, की कागदावर रान उमटायचं. पाचटाच्या शिरा उसाच्या फडासारख्या दिसायच्या आणि गोणपाट नांगरटीसारखं. त्याच्यावर मग पेन्सिलीनं काढणं, वर आणखी कागद चिकटवणं. मी म्हणायचे, "हे चित्र म्हणायचं का छाप म्हणायचा का गोधडी?" ती म्हणायची, "गोधडीच म्हण. ऊब आली म्हणजे झालं."

दाबायला यंत्र लागतं. छापाचं खरं यंत्र घेणं तिच्या शाळेच्या पगारात बसणारं नव्हतं. तर हिनं काय करावं? शिरवळला रस्ता रुंद झाला तेव्हा हायवेलगतची एक रसवंती उठली. तिथला उसाचा चरक हिनं भंगारात जाणारा उचलला आणि टेम्पोत घालून साताऱ्याला आणला. रूळ दातेरी होते. ते गुळगुळीत करायला आम्ही दोघी माधवनगरच्या एका लेथवाल्याकडं गेलो. म्हातारा कारागीर होता, पूर्वी मिलमध्ये काम केलेला. त्यानं रुळांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाई, रसवंती टाकताय न्हवं? मग दातं काढल्यावर ऊस धरणार कशानं?" शुभदा म्हणाली, "ऊस नाही काका, आख्खं रान घालायचंय यात." म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खरंय ते. मी बी.एस्सी. आहे, खोटं सांगणार नाही." त्यानं रूळ करून दिले, पण आम्ही निघेपर्यंत मान हलवत होता. रुळाखाली कागदावर घालायला जाड घोंगडं लागायचं, ते आप्पांनी दिलं, त्यांचं मिलिटरीचं. म्हणाले, "पेन्शनीत निघाल्यालं हाय बिचारं, पर घाल त्याला ड्युटीवर."

त्या चरकातून निघालेला आमच्या रानाचा पहिला छाप तिनं मोठ्या हौसेनं आप्पांना दाखवला. आप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "लय झ्याक हाय. पर आपली इहीर पाटाच्या ह्या अंगाला कवा गेली, पोरी?" शुभदा म्हणाली, "आप्पा, छाप उलटा येतो. डावं ते उजवं होतं." आप्पा म्हणाले, "मग आधीच उलटं काढायचं की गं! हितं तर पाणी चढाला लागलंय. हे रान करपंल." तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई बांधावर रानाकडं पाठ करून बसलेली. समोर भाताच्या डब्याला टेकून आप्पांचा दाढीचा आरसा ठेवलेला, आणि आरशात दिसेल तसं ती पुठ्ठ्यावर काढतेय. भांगलणीच्या बायका हसून बेजार. एक म्हणाली, "आगं, रानाकडं पाठ करून रान काढतीया! रुसलीया जणू." आमच्याकडं सगळ्या पंचक्रोशीत तिचं तेच नाव पडलं, 'पाठमोऱ्या बाई'. पण त्या वेळच्या छापात विहीर जागेवर आली. आप्पांनी बोट ठेवून पाट शेवटपर्यंत नेला आणि म्हणाले, "आता भिजतंय."

आप्पा गेले त्याला आता आठ वर्षं होतील. त्यांच्यामागं आईकडं एक पत्र्याची पेटी राहिली, तिच्यात त्यांची वाळवीतून उरलेली डझनभर पत्रं. नोकरीवरून पाठवलेली निळी आंतर्देशीय पत्रं, शाईच्या पेननं लिहिलेली. आईला वाचता येत नाही. पत्र आलं की ती कुणाला तरी गाठून वाचून घ्यायची आणि मी वाचायला शिकल्यावर ते काम माझ्याकडं आलं. त्यामुळं त्या पत्रांवर मी माझा हक्क धरून होते. घरात वाचणारी मी एकटी, तर पत्रं माझीच, असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं. कुणी कधी तसं म्हटलं नव्हतं. मीच मनाशी ठरवलेलं.

दीड वर्षापूर्वी सांगलीत शुभदाचं प्रदर्शन लागलं. मी शाळेतल्या दोन बाईंना मिरवत घेऊन गेले होते, माझ्या मैत्रिणीचं प्रदर्शन म्हणून. समोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र आमच्या रानाचं. विहीर, देऊळ, गावाकडची वाट, आमचं घर. आणि त्यात जागोजाग निळे तुकडे, ओढ्यासारखे. जवळ गेले. त्या निळ्यावर अक्षर होतं. आप्पांचं अक्षर. माझ्या आप्पांची पत्रं कात्रीनं कापून हिनं पाणी केलं होतं!

मी काय बोलले ते इथं लिहिते, कारण लपवण्यात अर्थ नाही. भरल्या हॉलमध्ये मी म्हटलं, "तुझ्या आजोबांची पत्रं काप की. आमच्या घरातला कागद म्हणजे तुला रद्दी वाटली? शिकल्या-सवरल्या घरचे कागद जपायचे आणि कुणब्याच्या घरचे चिकटवायचे, होय गं?" ती पांढरीफटक पडली. एवढंच म्हणाली, "काकूंनी दिली, मंगल. तुला आज सांगणारच..." मी पुढचं ऐकलं नाही. घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "व्हय, म्याच दिली." तेव्हा मी आईला जे बोलले ते शुभदाला बोलले त्याहून वाईट. म्हटलं, "तुला वाचता येत असतं तर दिली असतीस का?" आई उठून चुलीकडं गेली.

आठवड्यानं शाळेतून आले तर ते चित्र आईच्या खोलीत भिंतीवर. शुभदानं प्रदर्शनातून काढून घेतलं होतं, चादरीत गुंडाळून एसटीनं आणलं होतं आणि मी यायच्या आत परत गेली होती. मी आईच्या खोलीत जाणं कमी केलं. गेले तर पाठ भिंतीकडं. दीड वर्ष मी त्याच घरात त्या चित्राकडं न बघता राहिले. कधी कधी संध्याकाळी आई चित्रासमोर बसून पुटपुटताना ऐकू यायची. मला वाटायचं, जप करतेय. शुभदाचे दोनदा फोन आले, मी कामाचं बोलून ठेवून दिले. आपलं चुकतंय अशी शंका येत नव्हती असं नाही. पण आमच्यासारख्यांना कुणीतरी कमी लेखलं असं एकदा वाटलं ना, की ती शंका आम्ही पुढं येऊ देत नाही. ताठ मान वळवायला जड जाते...

माहुलीहून रात्री आले, अंघोळ केली, झोपले. सकाळी आई म्हणाली, "हिकडं ये." तिच्या खोलीत नेलं, माझ्या दंडाला धरून मला चित्रासमोर बसवलं. म्हणाली, "आता बघ. ती न्हाई, तवा तरी बघ." तिनं विहिरीजवळच्या निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "ह्ये इहिरीवर वाचल्यालं. पोष्टमन नाना पानी प्याला आल्ता, त्यानं वाचलं. तवा तू पोटात व्हतीस. आप्पांनी लिवल्यालं, मुलगी झाली तरी पेढंच वाटा." आमच्याकडं तेव्हा मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. मी तुकड्याजवळ डोळे नेले. फिकट शाईत तेवढीच ओळ होती : 'मुलगी झाली तरी पेढेच वाटा.' आईला ती वाचता येत नव्हती. पण ती तिथं आहे हे तिला ठाऊक होतं.

मग तिनं बोट देवळाकडं नेलं. "ह्ये पायरीवरलं. गुर्जींनी वाचल्यालं. ह्यात तुज्या आज्जीवर राग काढल्याला व्हता. गुर्जी तेवढं गाळायचं, पर मला कळायचं की! मधीच गप व्हायचं न मग घसा खाकरायचं." गावाकडच्या वाटेवर एक तुकडा होता, तो किराणावाल्यानं वाटेत सायकल थांबवून वाचलेला, आप्पांच्या बदलीचा. गोठ्याजवळचा शेजारच्या शिकलेल्या सुनेनं. अशी तिनं अकरा पत्रं सांगितली, एकही न चुकता. कुणी वाचलं, कुठं वाचलं, तेव्हा रानात काय उभं होतं. वाचणारे वाचून निघून गेले, काही मरूनही गेले. तिच्यासाठी ते पत्र त्याच जागेवर राहिलं. विहिरीवर गेली की विहिरीवरचं पत्र तिला ऐकू यायचं. आमचं सगळं रान म्हणजे तिची पत्रांची पेटी होती, आणि हे तिनं आयुष्यात फक्त एकीला सांगितलं होतं. कारण त्या एकीनं विचारलं होतं, "काकू, हे पत्र तुम्ही कुठं बसून ऐकलं?"

ते ओढ्याचं पाणी नव्हतंच. ओढा असा तुटक तुटक, चढावर, देवळाच्या पायरीवर कसा असेल, हा साधा प्रश्न गणिताच्या बाईला पडला नाही. माझ्या आप्पांना पहिल्या नजरेत पडला असता.

मी म्हटलं, "आई, दीड वर्ष झालं. तू तरी सांगायचंस." आई म्हणाली, "तू इच्यारलंस कवा? तू म्हनलीस, वाचता येत न्हाई म्हनून दिली. म्या म्हनलं, असंल. शिकल्याली हाय लेक." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"आणि तुझ्या पेटीत आता काहीच नाही?" मी विचारलं. "हाय की एक," आई म्हणाली. लुगड्यांच्या घडीतून तिनं एक निळं पत्र काढलं. आख्खं, कात्री न लागलेलं. "ह्ये तू वाचल्यालं पयलं. दुसरीत व्हतीस. उंबऱ्यावर बसून, अक्षराला अक्षर लावत. मला तर घाम फुटल्याला, पर तू काय सोडलं न्हाईस. शुभीला ह्ये बी दिल्तं. ती म्हनली, काकू, ह्ये मंगलचं हाय. तिला इच्यारल्याबिगर मी हात लावायची न्हाई. तिकडं सांगलीत आली की इच्यारते." सांगलीत मी आले, आणि तिला विचारू दिलं नाही.

चित्रात आमच्या घराचा उंबरा शोधला. तिथं छापाची शाई नव्हती, पाचट नव्हतं, काही नव्हतं. कोरा कागद सोडलेला, आणि चार कोपऱ्यांना पेन्सिलीच्या चार बारीक खुणा. पट्टीनं मोजलं. माप आख्ख्या पत्राचं होतं. हे एक पत्र ती कापणार नव्हती.

त्या रविवारी मी आईला उंबऱ्यावर बसवून पत्र वाचलं. मिलिटरीतली माणसं घरी वाचणारं कुणी नाही हे जाणून असायची, म्हणून आप्पांच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ तीच असे : 'पत्र वाचून दाखवणाऱ्यास रामराम.' दुसरीतल्या मंगलनं ती ओळ वाचून मोठ्यानं "रामराम आप्पा" म्हटलं होतं, हे मला आठवत नव्हतं, आईला आठवत होतं. या वेळी मला ती ओळ एका दमात वाचता आली नाही. आई म्हणाली, "लाव अक्षराला अक्षर. घाई न्हाई."

मग मैद्याची खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालायचं ते माहीत नव्हतं, तेव्हा अंदाजानं घातलं. खळ लावल्यावर पत्र ओलं होऊन हातात लुळं पडलं, मी घाबरले, आई म्हणाली "टेक, टेक आता", आणि मी टेकवलं. वाळल्यावर बघितलं तर तिरकं बसलंय. चांगलं बोटभर तिरकं. शुभदा असती तर चित्र बघून हसली असती आणि म्हणाली असती, "गणिताची ना गं तू?" तीन खुणा पत्राखाली गेल्या. चौथी, उजवीकडची खालची, बाहेर राहिलीय. खोडरबर घरात आहे. पण ती खूण मी तशीच ठेवलीय.